अंतराचे गणित

गेल्या वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो असता आमचा नातू हातात मोबाईल घेऊन जवळ आला. तो इयत्ता आठवीत आहे आणि भूगोलाचा नाद त्यास नुकताच लागला आहे. कोणत्याही दोन गावांची नावे त्या यंत्रास सांगितली की त्यांतील अंतर व विमानाने लागणारा वेळ क्षणात मिळतो, असे त्याने आम्हांस मोठ्या कौतुकाने समजावून दिले.

"आजोबा, जळगावाहून धुळे विमानाने किती दूर आहे, ठाऊक आहे का तुम्हांला?"

"अरे, जळगावाहून धुळ्यास विमान जातच नाही," आम्ही म्हणालो.

"जात नाही हो, पण गेले तर? सरळ रेषेत ८२ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरला तर सहा मिनिटे. म्हणजे धुळ्याची आजी आपल्यापासून सहाच मिनिटांवर आहे!"

मुलगा हसला, आम्हीही हसलो, आणि तो आत पणत्या मोजावयास निघून गेला. परंतु त्याचे शेवटचे वाक्य काही केल्या आमच्या मनातून जाईना. धुळ्याची आजी म्हणजे आमची थोरली बहीण, आक्का. वय पंचाहत्तरीपुढे. सहा मिनिटांवर असलेल्या या बहिणीच्या घरी आम्ही शेवटचे कधी गेलो होतो, हे आठवू लागलो. आणि जे उत्तर आले ते कोणापाशी बोलून दाखविण्यासारखे नव्हते. त्या रात्री झोप येईना, म्हणून आम्ही गणित मांडीत बसलो. ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अंतर म्हणजे एक ठराविक संख्या, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः जळगाव व धुळे यांमध्ये एक नव्हे, तीन अंतरे आहेत. पक्ष्याने उडत जावे तर ८२ किलोमीटर. मोटारीने जावे तर सुमारे ९२. जळगाव सोडून बांभोरीपाशी गिरणा ओलांडावी, पाळधी मागे टाकावी, एरंडोलास अंजनी व पारोळ्यानजीक बोरी पाहावी, आणि फागणे आले की पांझरेकाठचे धुळे जवळ आले असे समजावे. सुरतेकडून नागपुराकडे जाणारा हाच तो मोठा रस्ता; पूर्वी त्यास क्रमांक ६ चा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आता तो क्रमांक ५३ झाला आहे.

आगगाडीस मात्र ही सरळ वाट ठाऊक नाही. तिने जावयाचे तर प्रथम नैर्ऋत्येस चाळीसगावापर्यंत ९२ किलोमीटर उतरावे, आणि तेथून फाट्याने उत्तरेस धुळ्यापर्यंत ५६ किलोमीटर चढावे, एकूण १४८. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा अधिक असते, हा सिद्धांत आम्ही फळ्यावर वर्षानुवर्षे लिहिला; परंतु तो अंगी मुरला तो लहानपणी याच प्रवासात.

आक्काचे लग्न झाले तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. तिच्या पहिल्या दिवाळसणासाठी तिला माहेरी आणावयास वडील निघाले, आणि आम्ही हट्ट धरून त्यांच्याबरोबर गेलो. पहाटे जळगावास पॅसेंजर धरली. म्हसावद, पाचोरा, कजगाव अशी एकेक स्टेशने करीत ती चाळीसगावास पोहोचली. तेथे फलाटावर कित्येक तास बसणे आले. आईने बांधून दिलेल्या दशम्या व दाण्याची चटणी तेथेच सोडली. मग कोळशाच्या इंजिनाची धुळ्याची गाडी लागली आणि राजमाने, शिरूड करीत दिवेलागणीस धुळे आले. डोळ्यांत कोळशाचे कण गेल्यामुळे आम्ही रडवेले झालो होतो. आक्का दारातच उभी होती. तिने पदराच्या टोकाला फुंकर घालून आमचे डोळे पुसले. सारा दिवस मोडला, परंतु "केवढे लांब!" असे वडील म्हणाल्याचे आम्हांस आठवत नाही. मुलीस आणावयाचे होते. गाडी जेवढा वेळ घेईल तेवढा द्यावयाचा होता.

त्याही मागे गेल्यास हे अंतर निराळेच दिसते. पेशवाई १८१८ साली संपली, खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. पुढे १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगावास स्वतंत्र कचेरी मिळाली; तोपर्यंत सर्व खानदेशचा कारभार धुळ्याहून चाले. लीलावतीतील परिभाषेप्रमाणे चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड आणि दोन हजार दंडांचा कोस. हात दीड फुटाचा धरला तर रस्त्याने धुळे पंचवीस कोस भरते. बैलांनी दिवसास आठ कोस तोडले तरी जिल्ह्याच्या कचेरीत एक कागद दाखल करण्यास तीन दिवस जावयाचे व तीन दिवस यावयाचे. मुंबईकडून येणारा मोठा लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या वाटेने भुसावळास गेला आणि धुळे एका बाजूस राहिले. चाळीसगाव–धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला. म्हणजे आमच्या बालपणी जो फेरा आम्हांस लांब वाटला, तो आमच्या पणजोबांस सुखाचा वाटला असला पाहिजे.

आता विमानाकडे वळू. खानदेशात विमानाची सोय नाही असे कोणी समजू नये. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली त्या वेळच्या राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. 'उडान' योजनेखाली २०१७ च्या डिसेंबरात मुंबईचे विमान सुरू झाले. मध्यंतरी सेवा खंडित होत गेल्या, पुन्हा चालू झाल्या, आणि २०२४ साली गोवा, हैदराबाद व पुणे ही गावेही जळगावास विमानाने जोडली गेली. धुळ्यासही गोंदूर येथे धावपट्टी आहे. प्रवाशांसाठी तिचा उपयोग होत नसला तरी १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे विद्यार्थी तेथे विमान चालविण्यास शिकतात. तात्पर्य, दोन्ही टोकांस धावपट्टी आहे. मधली सहा मिनिटे तेवढी कोणी उडत नाही. का बरे?

याचे उत्तर आम्हांस जुन्याच पुस्तकात सापडले. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दोन वानरांचे एक उदाहरण आहे. शंभर हात उंच झाड. त्यापासून दोनशे हातांवर एक वापी. झाडाच्या शेंड्यावरून एक वानर खाली उतरला आणि जमिनीवरून चालत वापीकडे गेला. दुसऱ्याने आधी शेंड्यावरून वर उडी घेतली आणि तेथून तिरक्या रेषेने वापी गाठली. दोघांनी आक्रमिलेले अंतर सारखेच भरले. तर दुसरा वर किती उडाला, असा प्रश्न. उत्तर पन्नास हात. चालणाऱ्याचे शंभर अधिक दोनशे मिळून तीनशे. उडणाऱ्याचे वर पन्नास आणि कर्णाचे अडीचशे मिळून तेही तीनशेच! शाळेत हे उदाहरण घालताना आम्ही मुलांस कर्णाचा वर्ग काढावयास शिकवीत होतो. त्यातील व्यवहाराचा बोध मात्र आमच्या ध्यानात आता आला. जो उडतो त्यास आधी वर चढावे लागते, आणि ते चढणे हिशेबात धरावे लागते.

जळगाव–धुळ्याचा हिशेब याच रीतीने करून पाहा. घरातून विमानतळावर जाण्यास वीस मिनिटे. तपासणीसाठी एक तास आधी हजर राहणे भाग. विमान हलून धावपट्टीवर जाईपर्यंत दहा मिनिटे. आकाशात वर चढणे व खाली उतरणे धरून पंधरा मिनिटे, कारण एवढ्या थोड्या अंतरात ताशी ८०० चा वेग कोणतेही विमान गाठणार नाही. उतरून सामान घेऊन बाहेर पडण्यास पंधरा मिनिटे आणि गोंदुराहून धुळे शहरात वीस मिनिटे. एकूण झाले दोन तास वीस मिनिटे. मोटारीस लागतात सुमारे दोन तास. दोन्ही वानर जवळजवळ एकाच वेळी वापीवर पोहोचले. उलट चालणारा किंचित आधीच!

यावरून विमान निरुपयोगी असे मात्र कोणी समजू नये. जळगावाहून मुंबई लोहमार्गाने ४२० किलोमीटर आहे. तेथे चढण्याउतरण्याचा वेळ वजा जाऊनही विमानाने अर्धा दिवस वाचतो, आणि घरात कोणी अत्यवस्थ असेल तर त्या अर्ध्या दिवसाचे मोल पैशांत होत नाही. मध्ये समुद्र असेल तर लहान अंतरासही विमान शोभते. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाची बेटे आहेत. त्यांतील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोहोंमध्ये तीन किलोमीटरही अंतर नाही, तरी १९६७ पासून तेथे विमान चालते, आणि ते दोन मिनिटांच्या आत पोहोचते. आमच्या दोन गावांमध्ये समुद्र नाही. गिरणा, अंजनी व बोरी आहेत, आणि त्या तिघींवरही पूल आहेत. धुळ्यास आज खरी उणीव आहे ती चांगल्या लोहमार्गाची. धुळ्याहून नरडाण्यास जोडणाऱ्या मार्गाचा शिलान्यास २०१९ च्या फेब्रुवारीत झाला, आणि मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरात मान्यता दिली. नरडाणे हे सुरत–जळगाव मार्गावरील स्टेशन असल्यामुळे तो दुवा जुळला म्हणजे धुळ्याहून अमळनेरावरून जळगावास येता येईल आणि चाळीसगावाचा फेरा चुकेल.

चाळीसगावाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या गावाजवळच सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे आहे. तेथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या वंशाची हकीकत कोरलेली आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि त्यास १२०७ च्या सुमारास दान मिळाले. आमच्या बालपणी ज्या फलाटावर आम्ही दशम्या खाल्ल्या, तेथून थोड्याच कोसांवर कोणी एके काळी दोन वानरांचे गणित विद्यार्थ्यांस सांगत असेल. आजोबांची विद्या राखणारा तो नातू, आणि आजोबांची चूक दाखविणारा हा आमचा! दोघांचेही उपकारच म्हणावयाचे.

आता चुकीकडे येतो. भास्कराचार्यांच्या शास्त्रात देशान्तराचाही विचार आहे. पूर्वेकडच्या गावी सूर्य आधी उगवतो. एका रेखांशास चार मिनिटे. जळगाव व धुळे यांत पाऊण अंशाहून किंचित अधिक अंतर आहे. म्हणजे जळगावास उगवलेला सूर्य धुळ्यास सुमारे तीन मिनिटांनी उगवतो. त्या रात्री आम्ही पाटीवर पुढीलप्रमाणे कोष्टक मांडले. सूर्यास तीन मिनिटे. यंत्राच्या विमानास सहा मिनिटे. मोटारीस दोन तास. लहानपणीच्या आगगाडीस एक दिवस. पणजोबांच्या बैलगाडीस तीन दिवस. आणि दारी मोटार असलेल्या आम्हांस तीन वर्षे!

होय, तीन भाऊबीजा आम्ही धुळ्यास गेलो नव्हतो. पहिल्या वर्षी गुडघा दुखत होता. दुसऱ्या वर्षी घरी पाहुणे होते. तिसऱ्या वर्षी कारण काय होते, ते आता आठवतही नाही. म्हणजेच ते नव्हते. दर वर्षी ओवाळणीची रक्कम मोबाईलवरून पाठविली, पडद्यावर आक्काचे दर्शन घेतले, आणि काम झाले असे मानले. मजा अशी की हा दिवस ज्याच्या नावाने यमद्वितीया म्हणून ओळखला जातो, तो यमराज त्रैलोक्यातील सर्वांत अधिक कामाचा पुरुष. त्याच्या कामास सुटी नाही, उशीर नाही, बदली माणूस नाही. तरी वर्षातून एक दिवस तो यमुनेच्या घरी जेवावयास जातो, अशी कथा आहे. सेवानिवृत्त मास्तरास त्याच्याहून अधिक काम होते, असे म्हणण्याची सोय आम्हांस राहिली नाही.

कोणी म्हणेल, शब्द पोहोचला म्हणजे माणूस पोहोचलाच. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली, आणि भिंतीआडचे ते शब्द घरोघर गेले. खरे आहे. उपदेश शब्दांतून पोहोचतो. परंतु भाऊ शब्दांतून पोहोचत नाही.

भाऊबीजेस सकाळी सात वाजता आम्ही निघालो. मुलगा मोटार चालवीत होता, सूनबाई व नातू मागे बसले होते. कळविले नव्हते. सव्वानऊ वाजण्याच्या आत आक्काच्या दारी पोहोचलो. भाचेसून दार उघडावयास आली, ती आम्हांस पाहून क्षणभर तशीच उभी राहिली. माजघरात पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता तयार होत्या. आणि पाटावर, एका तांब्याला टेकून, मोबाईल उभा करून ठेवला होता.

पुढे भाचेसुनेने सूनबाईस सांगितले ते असे. तिन्ही वर्षे आक्का अशीच पाट मांडावयास लावी, मोबाईल पाटावर ठेवी, आमचा चेहरा दिसला की त्यास ओवाळी आणि मग पाट उचलून भिंतीस लावून ठेवी. आम्हांस इकडे हे कधी कळलेच नाही. आम्हांस दिसे ते फक्त निरांजन व तिचा हात.

आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे. आम्ही वाकून नमस्कार केला तेव्हा तिने आधी आमच्या डोक्यावरून हात फिरविला, मग चेहऱ्यावरून.

"बाळ, वाळलास रे," ती म्हणाली. पाटावर आम्ही बसलो. तिने कुंकू लावले. ते थोडे बाजूस लागले. मग हसून म्हणाली, "काचेला कुंकू लावता येत नाही. लावले तर हिला पुसत बसावे लागते."

जेवताना तिने नातवास सहज विचारले, "केवढा वेळ लागला रे तुम्हांला यावयास?"

"दोन तास दहा मिनिटे, आजी," तो म्हणाला.

"एवढाच?" आक्का म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रस्ता आता रुंद झाला असेल, एवढेच तिच्या मनात असावे. परंतु आमचा घास तोंडात फिरू लागला. शाळेत असताना चुकलेल्या उदाहरणांवर आम्ही तांबड्या शाईने पुष्कळ रेघा ओढल्या. त्या एका शब्दाएवढी ठळक रेघ आम्हांस कधी ओढता आली नव्हती.

आमच्या वाचकांची घरे मोठी आहेत, गोतावळा मोठा आहे. म्हणून त्यांस आमची एक विनंती आहे. घरातील एखाद्या मुलास वही देऊन तीन रकाने आखावयास सांगावे. पहिल्यात नात्यातील वडील माणसांची नावे लिहावी. दुसऱ्यात त्यांच्या गावाचे अंतर. तिसऱ्यात आपण प्रत्यक्ष शेवटचे भेटलो ती तारीख. दुसरा रकाना यंत्र भरून देईल. तिसरा आपला आपण भरावयाचा आहे. अंतर शंभर किलोमीटरांच्या आत आणि तारीख एका वर्षाच्या बाहेर असेल, तेथे मुलाने तांबडी खूण करावी. मुलांच्या हातून खूण झाली म्हणजे वडीलधाऱ्यांस ती टाळता येत नाही, हा आमचा अनुभव.

असो. धुळ्याहून निघताना आक्काने डब्यात अनारसे बांधून दिले आणि दारात उभी राहिली. मोटार वळेपर्यंत ती तेथेच होती. तिला आम्ही दिसत नव्हतो, हे आम्हांस ठाऊक होते. पौष संपण्यापूर्वी तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावयाची असे ठरले आहे. त्या वेळी आठ दिवस धुळ्यास राहावयाचे आम्ही कबूल केले आहे, आणि नातवाने ती तारीख वहीच्या तिसऱ्या रकान्यात आधीच पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. शाईने गिरवावयाचे काम आमचे.